दिव्यावरून अंतर

बुरोंडीला अवसेच्या आसपास गेलं की रात्री पुळणीवर बसायचं, हा माझा नेम आहे. वर टेकाडावर पृथ्वीच्या अर्धगोलावर उभा असलेला परशुराम अंधारात दिसेनासा होतो आणि समोर दर्यात लाँचींचे दिवे लुकलुकू लागतात. एकदा शेजारी जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या तांडेलांना मी विचारलं, "काका, त्या दोन दिव्यांतला जवळचा कुठला?" ते म्हणाले, "दिवा बघून सांगायचं नसतं. मोठी बत्ती लांबची असंल, बारकी जवळची असंल. दिवा फसवतो."

विश्वाच्या अभ्यासाची गेली शंभर वर्षं मला या एका वाक्यात दिसतात. आकाशातला प्रत्येक ठिपका हाच पेच घालतो. दिवा मुळात किती मोठा आहे ते कळल्याशिवाय अंतर कळत नाही आणि अंतराशिवाय विश्वाचं वयही काढता येत नाही. १९१२ साली हेन्रिएटा लेविट या अमेरिकन बाईंनी वाट दाखवली. काही तारे ठराविक काळाने उजळतात, मंदावतात. हा काळ जितका मोठा तितका तारा मुळात जास्त तेजस्वी. म्हणजे बत्ती किती मोठी ते तिच्या लुकलुकण्यावरून ओळखता आलं. याच ताऱ्यांच्या आधाराने एडविन हबल यांनी १९२९ साली दीर्घिका एकमेकींपासून दूर जात असल्याचं मांडलं.

पण दिव्याने हबलनाही फसवलंच. त्यांची अंतरं फार कमी आली होती. त्या हिशेबाने विश्वाचं वय जेमतेम २ अब्ज वर्षं निघत होतं आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने ठरत होते. लेक आईपेक्षा थोरली! या अडचणीतूनच १९४८ साली फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांचा स्थिर स्थिती सिद्धांत पुढे आला. विश्वाला आरंभच नाही, ते प्रसरण पावतं आणि रिकाम्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य निर्माण होत राहतं. १९५२ साली वॉल्टर बाडे यांनी दाखवलं की ते लुकलुकणारे तारे दोन जातींचे आहेत आणि हबलनी त्यांत गल्लत केली होती. दूरच्या दीर्घिकांची अंतरं एकदम दुप्पट झाली, वयाचा पेच सैल पडला.

तरी स्थिर स्थिती सिद्धांत टिकून होता आणि कोल्हापुरात जन्मलेला एक तरुण १९६० साली केंब्रिजला हॉइल यांच्या हाताखाली संशोधन करू लागला. जयंत नारळीकर. पुढच्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांची मोजदाद पुढे करून स्थिर स्थिती संपली असं जाहीर केलं, तेव्हा हॉइल यांच्यासोबत उत्तर मांडणारा हा विद्यार्थीच होता. १९६५ साली पेन्झियस आणि विल्सन यांना सगळ्या दिशांनी येणारं मंद सूक्ष्मतरंग प्रारण सापडलं आणि बहुतेक जग विश्वाला आरंभ मानणाऱ्या महास्फोट सिद्धांताकडे वळलं. नारळीकर वळले नाहीत. १९९३ साली त्यांनी हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह तो सिद्धांत नव्या रूपात मांडला. मला स्वतःला पुरावा महास्फोटाच्या बाजूने फार भक्कम वाटतो. पण २० मे २०२५ रोजी नारळीकर गेल्याची बातमी आली, तेव्हा मनात आलं ते हे की ज्या प्रश्नावर सगळ्यांचं एकमत झालं, तिथेही "मोजलंत कसं?" असं विचारणारा माणूस आपल्या मराठी मुलखातला होता.

आणि मोजण्याचा तोच प्रश्न आज पुन्हा उभा आहे. महास्फोटानंतरच्या त्या प्रारणावरून विश्वाच्या प्रसरणाचा आजचा वेग काढला तर तो सुमारे ६७ येतो; लुकलुकणारे तारे आणि स्फोटक ताऱ्यांच्या शिडीने अंतरं मोजत चढत गेलं तर सुमारे ७३. (एकक असं : ३२.६ लाख प्रकाशवर्षांच्या प्रत्येक टप्प्यामागे सेकंदाला इतके किलोमीटर.) फरक लहान दिसतो, पण दोन्ही बाजूंनी मोजमाप जितकं नेमकं होत गेलं तितका तो ठळक झाला. एक तर कुठल्या तरी दिव्याने पुन्हा फसवलंय, नाहीतर विश्वाबद्दलची आपली समजूतच कुठेतरी अपुरी आहे.

तांडेल काकांनी त्या रात्री मला वेगळा रस्ता सांगितला होता. "इंजिनाचा आवाज ऐक. दोन सिलिंडरचं हाय का सहाचं, ते ठोक्यावरून कळतं. सहाचं असून बारीक ऐकू आलं, म्हंजे लांब हाय." १९८६ साली बर्नार्ड शुट्झ यांनी गुरुत्वीय लहरींबद्दल नेमकी हीच गोष्ट मांडली. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत जवळ येतात तेव्हा लहरीचा स्वर चढत जातो. तो किती झपाट्याने चढतो त्यावरून मूळ आवाज किती मोठा ते कळतं आणि आपल्यापर्यंत तो किती क्षीण पोचला त्यावरून अंतर. शिडीची गरजच नाही. हा स्वर गोंगाटातून वेचायच्या गणितावर पुण्यात संजीव धुरंधर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून काम करत होते, नारळीकरांनी उभारलेल्या आयुका या संशोधन संस्थेत. १७ ऑगस्ट २०१७ रोजी असा स्वर आला, मागोमाग एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत प्रकाशही दिसला. उत्तर निघालं ७० च्या आसपास, पण दोन्ही पक्षांना सामावून घेईल इतकं ढोबळ.

असे काही डझन स्वर हवेत, आणि प्रत्येक कुठल्या दीर्घिकेतून आला तेही कळायला हवं. त्यासाठी पृथ्वीवर लांब लांब पसरलेले कान लागतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. या कामातला एक तपशील मला फार जवळचा वाटतो. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा सगळ्या भूखंडाला सतत बारीकसा कंप देत असतात आणि अशा वेधशाळेला तोही जाणवतो. कान निवांत जागी, समुद्रापासून आत नेऊनही लाटेचा कंप वजा करावाच लागतो.

त्या रात्री मला इंजिन काही ऐकू येईना. लाट फुटत होती, खडपांवरून पाणी खळखळत मागे जात होतं, पुन्हा लाट. मी कंटाळून उठू लागलो तसा काकांनी माझा दंड धरला. "बस. लाट ओसरू दे, मग ऐक."