घड्याळ पाहिलं तेव्हा

मार्च २०२२. अकोल्याहून वाशिमकडे निघालेल्या गाडीत पातूर येईपर्यंत कुणी बोललं नाही. घाटात पळस फुलला होता, तिकडेही दोघांचं लक्ष नव्हतं. मामा निवृत्त मुख्याध्यापक, भाचा बँकेत. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ दोघांनी मिळून पाहिले होते. ४ मार्चला नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ लागला, तेव्हा अकोल्याला जायचं हे न बोलता ठरलेलंच होतं.

“मामा, खरं सांगू? मध्यंतरानंतर मी दोनदा घड्याळ पाह्यलं.”

“मी तीनदा,” मामा म्हणाले. मग जरा थांबून, “पण हे कोणाले सांगू नको.”

पेच इथेच सुरू झाला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसेंनी झोपडपट्टीतल्या पोरांच्या हाती फुटबॉल दिला, त्या कामावर हा सिनेमा उभा आहे. यातली बहुतेक पोरं पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर आलेली. अमिताभ बच्चनसारखा नट बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे हात जोडतो, हे हिंदी पडद्यावर सहसा दिसत नाही. “एवढ्या वर्षांनी आपली पोरं मोठ्या पडद्यावर आली,” मामा म्हणाले, “आणि आपण तीन तास लागले म्हणून कुरकुर करायची?”

“तुम्ही गरिबाचं पोरगं म्हणून पेपरात मार्क वाढवून देत होते काय?”

“नाई.”

“काहून नाई?”

मामांनी उत्तर दिलं नाही. वाढीव मार्क पोराचा अपमान करतात, हे त्यांनीच भाच्याला लहानपणी सांगितलं होतं.

भाच्याचा आणखी एक जुना सल होता. लॅपटॉपवर दोन रात्री घालवून त्यानं मायकेल चिमिनोचा ‘हेवन्स गेट’ पाहिला होता. ‘द डीअर हंटर’ला पाच ऑस्कर मिळवून देणाऱ्या दिग्दर्शकाचा हा वेस्टर्न. वायोमिंगमधले गुरांचे बडे मालक आणि बाहेरून आलेले गरीब शेतकरी यांची लढाई, आणि दिग्दर्शक गरिबांच्या बाजूनं. लांबी २१९ मिनिटं. नोव्हेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कला पहिला खेळ झाला, समीक्षकांनी झोडपलं, सिनेमा मागे घेतला गेला. पुढच्या एप्रिलमध्ये तो १४९ मिनिटांचा होऊन आला, तरी पडलाच. भाच्याला पूर्ण लांबीचा पाहूनही निराशाच वाटली होती. नाचाचा प्रसंग सुंदर, पण संपता संपत नाही.

“पण २०१२ मध्ये व्हेनिसला तोच जवळपास मूळ लांबीत दाखवला, तर लोकांनी नावाजला. म्हणजे सत्तर मिनिटं कापूनही तो सुधारला नव्हता, आणि न कापता मले सोसला नाही. मग चूक कोणाची?”

मेडशीच्या अलीकडे मामा बोलले, ते सिनेमाबद्दल नव्हतं.

“माह्या शाळेत मानोऱ्याकडच्या तांड्यावरचं एक पोरगं होतं. बंजारा. जात पडताळणीले २१ नोव्हेंबर १९६१ च्या अगोदरचा पुरावा लागते. आजा शाळेतच गेला नाई, तं दाखलखारीजमध्ये नाव कुठून येईन? मग कोतवाल बुकाची नक्कल, मग नात्यातल्या कोणाचा दाखला, मग शपथपत्र. मी जुनं रजिस्टर काढू. कडा वाळवीनं खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली. बोट ठेवून एकेक नाव वाचा लागे. बाप समोर उभा, कागदाची पिशवी छातीशी धरून. बस म्हटलं तरी बसे नाई. वर्षभर चकरा मारल्या त्यानं.”

‘झुंड’च्या उत्तरार्धात रिंकू राजगुरूची मोनिका बापासोबत पासपोर्टच्या कागदांसाठी हिंडते. मामांना तिथे तोच बाप दिसला होता.

“तुम्ही हे मिनिटभरात सांगितलं,” भाचा म्हणाला, “आणि माह्या अंगावर काटा आला.”

“काटा आला. पण वर्ष कळलं काय तुले?”

हा प्रश्न साधा नाही. कंटाळा दाखवायचा तर प्रेक्षकाला कंटाळवावं लागतं का? इकडच्या दंडारीला लोक रात्रभर बसत, पण सोंगं बदलत राहत आणि वाटलं तर उठून चहा पिऊन येता येई. ‘शोले’ तीन तासांहून लांब. त्यात राधा एकेक दिवा मालवते आणि जय पायरीवर माउथ ऑर्गन वाजवतो, तिथे काहीच घडत नाही, तरी कुणी उठत नाही. तो वेळ प्रेक्षक आपखुशीनं देतो. ‘झुंड’मध्ये कॉलेजच्या पोरांविरुद्धच्या सामन्यापर्यंत तो असाच दिला जातो. पुढे प्रत्येक पोराची कथा सांगायच्या मायेपोटी दिग्दर्शकाचा हात सैल सुटतो आणि मोनिकाच्या बापाची पायपीट गर्दीत हरवते. दोघांनी नेमकं त्या पायपिटीच्या वेळीच घड्याळ पाहिलं होतं का, हे भाच्यानं आता आठवून पाहिलं.

“पासपोर्टच्या वेळेस नाई पाह्यलं मी,” तो म्हणाला. “त्याच्या आगेमागे पाह्यलं.”

“मी बी.”

मालेगावला चहासाठी थांबल्यावर त्यानं मित्रांना लिहायला घेतलं. सिनेमा जरूर पाहा, उत्तरार्ध पाऊण तास जास्तीचा आहे, कागदांचा भाग मात्र आणखी चालला असता. मामांनी चष्मा कपाळावर चढवून ते दोनदा वाचलं, फोन हातात घेतला, आणि एका बोटानं सावकाश खाली जोडलं: मामांनी तीनदा घड्याळ पाहिलं.

“टाक आता,” ते म्हणाले.

भाच्यानं पाठवलं. कपात चहा गार झाला होता, तो त्यांनी तसाच प्याला.