दोर बांधण्यापूर्वीं

दसऱ्याच्या सुमारास देवळी तालुक्यांतील एका गांवीं आम्ही गेलों असतां एका विधवा भगिनीच्या अंगणांत बरीच माणसें जमलेलीं दिसलीं. यजमान निवर्तल्यापासून चार वर्षें त्यांची जुनी डिझेल पिकअप गोठ्याच्या कडेस उभी होती. शिवारांत कापूस फुटला होता आणि भाड्याच्या गाडीस द्यावयास घरांत पैसा नव्हता. म्हणून मुलानें शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणून दोर लाविला होता. गिअरमध्यें टाकून ओढली कीं इंजिन सुरू होईल, असें सर्वांचें मत. आमचेंही तेंच होतें. दोराची गांठ आम्हींच आवळली.

इतक्यांत पुलगांवाहून मिस्त्री आले. त्यांनीं दोरावर पाय ठेविला आणि म्हणाले, "काकू, आज टोचन केलं तं इंजिन जाईन. दोन दिस द्या मले."

गाडी फार दिवस उभी राहिली म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवरील तेल उतरून जातें, गंज धरतो आणि पिस्टनच्या कड्या चिकटतात. आंत पाणी झिरपलें असेल तर तें दाबलें जात नाहीं. अशा वेळीं ओढल्यास कनेक्टिंग रॉडच वांकतो. टाकीचा प्रकार निराळा. पावसाळ्यांतील ओल अर्धवट रिकाम्या टाकीच्या पत्र्यावर जमून थेंब होते, पाणी डिझेलहून जड म्हणून तळाशीं बसतें, आणि दोहोंच्या मध्यें सूक्ष्म जंतू वाढून काळा, चिकट गाळ होतो. वरून पाहिल्यास डिझेल स्वच्छच दिसतें.

मिस्त्रींनीं हीटर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत थोडें इंजिन तेल सोडिलें व रात्रभर तसेंच राहूं दिलें. सकाळीं पान्यानें क्रँकचे दोन पूर्ण फेरे हातानें फिरविले, कोठें अडतें काय तें बोटांनीं जाणून घेत. मग टाकी उतरवून धुतली, फिल्टर व तेल बदललें, उंदरांनीं कुरतडलेल्या तारा जोडल्या, बॅटरी नवी घातली आणि जाम झालेले ब्रेक सोडविले.

यरुशलेमेस पोहोंचल्यावर नहेम्यानें काय केलें, तें येथें स्मरावें. तीन दिवस तो गप्प राहिला. मग रात्रीं थोड्या माणसांसह निघून पडका तट त्यानें स्वतः पाहिला, आणि त्यानंतरच लोकांस बोलाविलें. आमच्यापैकीं कित्येक उपदेशक नेमकें उलट करितों. एक बंधु कित्येक वर्षें उपासनेस येत नव्हता. नाताळाच्या आदल्या दिवशीं आम्ही चौघे त्याच्या घरीं गेलों, हात धरून त्यास आणिलें, मंडळीपुढें उभें करून साक्ष द्यावयास लाविलें. तो कां येत नव्हता, हें कोणीं विचारलें नाहीं. त्या दिवसापासून तो आम्हांस पाहून रस्ता बदलतो.

असो. डिझेल इंजिनास ठिणगी नसते. १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें रुडॉल्फ डिझेल ह्यांनीं जें इंजिन यशस्वी केलें, त्याचें तत्त्व हेंच कीं हवा इतकी दाबावी कीं तीच तापून फवारलेलें तेल पेट घेईल. परंतु तेलाच्या नळींत हवा शिरली तर नोझल उघडत नाहीं. म्हणून फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारीत राहिले, बुडबुडे थांबून निखळ डिझेल येईपर्यंत. (नव्या कॉमन रेल गाड्यांच्या दाबाच्या नळ्यांस मात्र घरीं हात लावूं नये, तो फवारा कातडी भेदून जातो.) हवेच्या तोंडाशीं एक फळी घेऊन मुलास उभें केलें. इंजिन बेफाम झालें तर किल्लीनें थांबत नाहीं, हवाच कोंडावी लागते.

तिसऱ्या खेपेस इंजिन बोललें. पांढरा धूर निघाला, मग आवाज लागला. भगिनी पदरानें डोळे पुशीत होती. तरी मिस्त्रींनीं गाडी अंगणाबाहेर जाऊं दिली नाहीं: आधीं ब्रेक, मग विमा, योग्यता प्रमाणपत्र व धुराचा दाखला. कापसाची पहिली खेप शेजाऱ्याच्या बैलगाडीनेंच गेली.

दोर आम्हीं सोडून ट्रॅक्टरवाल्यास परत दिला. त्या बंधूच्या घरीं आम्हांस अद्याप जावयाचें आहे.