हौशी हॅरिस आणि बुडालेली हजेरी

आमचे एक प्राध्यापक स्नेही दोडामार्गात टेनिस-बॉल स्पर्धेच्या बक्षीस समारंभाला आले आणि अर्धा तास हळहळले. क्रिकेट एकेकाळी सभ्य गृहस्थांचा खेळ होता म्हणे; ऑक्सफर्ड-केंब्रिजची पोरे हौसेने खेळत, पैशाला शिवत नसत; आणि आता खेड्यातली पोरेसुद्धा विकली जातात. निम्म्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. उरलेली निम्मी पाकिटाची वाट बघत होती. मी या दुसऱ्यांच्या बाजूचा.

प्राध्यापकांना हवा तसला गृहस्थ आपल्या ओळखीचा आहे. लॉर्ड हॅरिस. ईटन, ऑक्सफर्ड, केंटचा आणि इंग्लंडचा कर्णधार. पुढे १८९० ते १८९५ मुंबई इलाख्याचा गव्हर्नर. १८७८-७९ मध्ये तो ऑस्ट्रेलियाला जो संघ घेऊन गेला, तो मिरवायचा जंटलमेन म्हणून. सोबत यॉर्कशायरचे दोन पगारी गडी तेवढे घेतले होते, युलिएट आणि एमेट. मग मेलबर्नच्या कसोटीत पहिल्या डावात ६८ धावांत ७ बळी कोणी घेतले? टॉम एमेटने. पालखीत बसून पायी वारीचे पुण्य मिळते ते असे.

हौशी आणि पगारी ही विभागणी हवेतसुद्धा भिनली होती. धावफलकावर हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाआधी, पगारी खेळाडूची नंतर. मैदानात उतरायची फाटकेही वेगळी. १९६२ अखेर हा सोवळेपणा सुटला. आणि पैशाला न शिवणारे कोण? इंग्लंडचे नामांकित खेळाडू डॉक्टर ग्रेस हौशी होते, पण १८९५ साली त्यांच्यासाठी ९ हजार पौंडांहून जास्त निधी जमला. पुढच्याच वर्षी ओव्हल कसोटीसाठी पाच पगारी खेळाडूंनी १० ऐवजी २० पौंड मागितले, तर गहजब झाला. तिघे नमले, लोहमन आणि गन घरी बसले.

हॅरिसकडे परत येतो, कारण माझा त्याच्यावर जुना राग आहे. १८९३च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दंगल पेटली तेव्हा साहेब पुण्यात होते. किनाऱ्यालगत मुसलमान आणि हिंदू जिमखान्यांना वेगवेगळ्या जागा मिळाल्या त्याही त्याच्याच अमदानीत. त्याच काळात पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर पालवणकर बाळू मैदान राखत होता आणि तिथल्या गोऱ्यांना सरावाला चेंडू टाकत होता. बॅट त्याच्या हाती कोणी देत नसे. आडनाव पालवण गावचे, म्हणजे आमच्या कोकणातले, घर चर्मकाराचे. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. प्राध्यापक, यातला सभ्य गृहस्थ कोणता?

इथवर लिहून मी बऱ्यापैकी खूश होतो. मग शेजारचा मुलगा आठवला. गोव्यात कारखान्यात जातो, रविवारी ज्या गावाचा फोन येईल त्या गावाकडून खेळतो. गेल्या मोसमात मीच त्याला भाड्याचा गडी म्हणालो होतो, चारचौघांत. तो हसला नाही. "काका, रविवारची हजेरी बुडता. तिचे पैसे कोण दितलो?" बाळूची बाजू घ्यायला मला शंभर वर्षांचे अंतर लागले, अंगणातल्या पोराशी बोलताना मी थेट लॉर्ड्सच्या सज्जात जाऊन बसलो.

तेव्हा प्राध्यापकांचे एक मला मान्य करावे लागते. ती हौस ढोंगी होती, पण तिच्यातली मोकळीक खरी होती. १८७९ साली सिडनीत जमाव मैदानात घुसला, हॅरिसला काठी बसली. मायदेशी त्याचे काही बिघडले नाही, तो कर्णधारच राहिला. हरणे त्याला परवडत होते. म्हणून तो हसून हरू शकत असेल, आणि त्या हसण्याला आपण खिलाडूवृत्ती म्हणत आलो. शेजारच्या पोराला ते हसणे परवडत नाही. डिसेंबरात सीमेवर त्याच्या हातून सोपा झेल सुटला. संध्याकाळी तो आमच्या पायरीवर मोबाइल उलटा ठेवून बसला होता. पुढच्या रविवारी कोणाचाच फोन आला नाही. तो कामावर गेला.