दिव्याची साक्ष

रामपायलीस चंदन नदीकाठी आमचे जुने घर आहे. तेथे मातोश्री एकट्याच असतात. आम्ही वकिलीनिमित्त नागपुरास. त्यांना तिन्हीसांजेस चाचपडावे लागू नये, म्हणून ओसरीवरील दिव्याला आम्ही ‘स्मार्ट स्विच’ बसवला. या विषयात आम्ही अगदीच नवशिके! जुन्या बटणपेटीत वीज येणारी आणि दिव्याकडे जाणारी अशा दोनच तारा निघाल्या. हे नवे बटण दिवा विझलेला असतानाही स्वतः जागे असते, म्हणून त्यास न्यूट्रल हवी. ती ओढण्यात वायरमनचा अर्धा दिवस गेला. पुढे गावाचे अक्षांश-रेखांश दिल्यावर सूर्यास्ताचा क्षण गणून दिवा आपोआप लागू लागला.

आश्विनात मातोश्री दोन दिवस तापाने पडून होत्या. आम्हांस घोर नको म्हणून त्यांनी कळवलेही नाही. पूर्वी ओसरी अंधारी दिसली की शेजारच्या काकू चौकशीस येत. या वेळी दिवा नेमाने लागत होता. त्या आल्या नाहीत.

दोष कोणाचा? दुसऱ्याकरवी केलेले ते स्वतःच केलेले, हे तत्त्व आम्ही न्यायालयात कितीदा मांडले असेल! त्या न्यायाने दिवा आम्हीच लावला होता, आणि घरी सर्व कुशल असल्याची खोटी साक्षही आमचीच.

सूर्यास्ताची आज्ञा आम्ही काढून टाकली. आता बटण मातोश्रीच दाबतात आणि तशी वार्ता आमच्या फोनवर येते. परवा ती आली नाही. घाबरून काकूंना फोन केला, तो वाय-फाय बंद असल्याचे कळले. काकू ओसरीवरच बसल्या होत्या.