पाचवा उद्गार

हे प्रभू येशू, उत्तम शुक्रवार जवळ आला आहे आणि मंडळीत सात उद्गारांची वाटणी सुरू झाली आहे. क्षमेवर बोलायला चौघे तयार असतात. चोराला दिलेल्या वचनावर तर पाळकसाहेब तासभर बोलतील. पाचव्याला मात्र कोणी चटकन हात वर करत नाही. तहान लागली, एवढंच तू म्हणालास. त्यावर बोलणार काय आणि किती? लातूरच्या आमच्या मंडळीत तो उद्गार वर्षानुवर्षं आत्याचा होता. कुणी दिला नव्हता, तिने मागून घेतला होता. यंदा तो मी घेतलाय. म्हणून आधी तुझ्यापुढे तिच्याबद्दल बोलते. तू तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखतोस, तरी ऐक.

तिला तू नांदेडला जन्म दिलास, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, मीटर गेजच्या दिवसांत. गोदावरी चालत जाण्याच्या टप्प्यात. सुट्टीच्या दिवशी ही भावंडं घाटावर जात आणि गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जेवून घरी येत. आजी रागवायची ती धर्मावरून नाही, घरचा स्वयंपाक वाया गेला म्हणून. आत्याला पाण्याची भीती घातली गेली तीही फक्त बुडण्याची. पुढे लातूरला दिलं. नवरा छापखान्यात, हिचं घरी शिवणयंत्र. लग्नानंतर काही वर्षांतच पाय सुजायला लागले, डोकं दुखायला लागलं, आणि आजोबांनी तिला मिरजेला नेलं.

मिरजेलाच का, ते तुला सांगायला नको. आमच्या घरांत तुझ्या खालोखाल विश्वास होता तो डॉक्टर वॉन्लेस यांच्या मिशन हॉस्पिटलवर. 1894 सालचं ते हॉस्पिटल आजोबांच्या बोलण्यात शास्त्रातल्या गावासारखं यायचं. बार्शी लाइटचे रूळ 1911 साली लातूरला पोचले होते. त्याच छोट्या गाडीने कुर्डुवाडी, पंढरपूर करत बाप-लेक मिरजेला गेले. तिथे किडनीचं नाव निघालं. रक्तदाब सांभाळा, मीठ तोडा, तपासणीला येत राहा, असं सांगितलं. तिने मीठ तोडलं. ठेच्याशिवाय भाकरी म्हणजे काय, ते मराठवाड्याच्या माणसालाच विचारावं. अशी वीसेक वर्षं तू तिला चालवलंस, त्याबद्दल मी आभार मानते. त्या काळाबद्दल माझी काही तक्रार नाही.

मग 2012 मध्ये डायलिसिसचं मशीन आलं. ती उपचारासाठी आमच्याकडे नांदेडला राहायला आली, आणि त्याच जुलैत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, पहिल्या आठ जिल्ह्यांत. त्यात नांदेड होतं, लातूर नव्हतं. आत्याचं केशरी कार्ड लातूरचं. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं डायलिसिस फुकट, हिचं पैसे भरून. नोव्हेंबर 2013 मध्ये योजना सगळ्या महाराष्ट्राला लागू झाली, तोवर तिच्या पाटल्या गेल्या होत्या. प्रभू, यात तुझा हात शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. मला सरकारी आदेशाची तारीख तेवढी सापडली. आत्या म्हणाली, "पाटल्या हाताला काचतच होत्या." तुलाही माहीत आहे, काचत नव्हत्या.

नंतर लातूरला डायलिसिससाठी जागा मिळाली आणि ती आपल्या घरी गेली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत मी लाल गाडीने तिच्याकडे जायचे. डाव्या हातावर फिस्टुला केलेला होता. शीर आणि धमनी जोडलेली ती जागा बोटाखाली सतत थरथरायची. मला हात लावायला लावून ती म्हणायची, "बघ, गाडी चालू हाय." आठवड्यातून दोनदा, चार-चार तास, दोन जाड सुया. तिच्या गुणांची यादी तुझ्यापुढे वाचणार नाही. ती चिडायची. सुई चुकली की टेक्निशियन पोराला झणझणीत बोलायची आणि घरी आल्यावर त्याच्यासाठी प्रार्थना करायची, ती मात्र मनातल्या मनात, त्याला कळू न देता.

पण सगळ्यात कठीण होती ती तहान. हे मला इतक्या उशिरा कळलं याचं नवल वाटतं, कारण बाहेरून दिसतात त्या सुयाच. लघवी जवळजवळ थांबलेली, म्हणजे प्यालेलं सगळं अंगात साठणार. पायांत, मग फुप्फुसांत. दिवसाला एक लिटरच्या आत. त्यात चहा आला, वरणातलं पाणी आलं, गोळ्या गिळायचा घोट आला. लातूरच्या एप्रिल-मे महिन्यांत! नारळपाणी बंद, संत्री-मोसंबी बंद, कारण पोटॅशियम. ती बर्फाचा खडा गालात धरून बसायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला द्राक्षरसाचा तो पेला मिळतो, तिच्या अंगुस्तान्यात मावेल एवढा. तोही ती हिशोबात धरायची. घरी येऊन मोजमापाच्या बाटलीतून तेवढं पाणी काढून टाकायची. मी हसले तेव्हा म्हणाली, "त्याचं रक्त झालं म्हणून वजनकाट्याला कळतंय व्हय?"

तिच्याकडे प्रार्थनेला येणारी माणसं चांगली होती, हे मी कबूल करते. पण एक बाई आल्या, तिच्याकडून दोन ब्लाऊज शिवून नेणाऱ्या. डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली आणि जाताना म्हणाल्या, विश्वासात कुठंतरी उणं आहे, नाहीतर इतकी वर्षं लागती ना. आत्या त्यांना दारापर्यंत पोचवायला गेली. माघारी येऊन मला म्हणाली, पौलाने काट्याबद्दल तीनदा मागितलं आणि थांबला. मीबी तीनदाच मागितलंय, चौथ्यांदा कशाला त्याचं डोकं खाऊ? पाळकसाहेब आजाऱ्यापुढे तेविसावं स्तोत्र वाचतात. ती त्यांना अठ्ठ्याऐंशीवं वाचायला लावायची. त्या स्तोत्राच्या शेवटी उजाडत नाही. शेवटपर्यंत अंधारच राहतो, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, काढून टाकलेलं नाही. तिला तेवढं पुरे होतं.

तिचं खरं भांडण होतं ते बेथेस्दाच्या तळ्याशी. अडतीस वर्षं आजारी असलेल्या माणसाला तू उठवलंस, बाज उचलून चालायला लावलंस. त्या पाच पडव्या माणसांनी भरल्या होत्या, आंधळे, लंगडे, लुळे, असं योहान स्वतःच लिहितो. एकाला उठवलंस आणि गर्दीतून निघून गेलास. बाकीच्यांचं काय? आत्या हे तुला शिवणयंत्रावर बसून विचारायची, रागाने नव्हे, हिशोब लागत नसल्यासारखं. मी मात्र रागाने विचारते. आणि मग तिचंच दुसरं बोलणं आठवतं: त्या माणसाचं गाऱ्हाणं असं होतं की मला पाण्यात सोडायला कोणी नाही. "मला सोडणारा हाय की," ती म्हणायची. म्हणजे तो टेक्निशियन पोरगा.

2016 तुला आठवत असेल. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली. पाण्यासाठी माणसं मारामारीवर येतील म्हणून कलम 144. त्यातच आत्याला एक आकडा कळला. मशीनमधून मिनिटाला अर्धा लिटर द्रव वाहतो. चार तासांचे 120 लिटर, आणि पाणी गाळताना वाया जातं ते वेगळं. हॉस्पिटल टँकर विकत घेत होतं. गल्लीत बायका दोन घागरींसाठी रात्र जागवत होत्या आणि जिला एक लिटरभरही प्यायला मुभा नाही तिच्या रक्तासाठी एका बैठकीला 120 लिटर. हे तिला सहन होईना. तिने एक पाळी चुकवली. कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी धाप लागली तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या माळकरी बाईने तिला असं झापलं, की पाळकसाहेबांना ते जमलं नसतं: तुझं पाणी तू सोडलंस म्हणून कुणाच्या घागरीत पडलं का? प्रभू, त्या दिवशी तू तिच्याशी त्या माउलीच्या तोंडून बोललास, असं आत्या मानत होती. मलाही तसंच वाटतं.

त्याच आठवड्यात, 25 मार्चला, उत्तम शुक्रवार होता. आत्या तीन मिनिटं बोलली. तिने दुष्काळाचा शब्द काढला नाही, आजाराचाही नाही. ती म्हणाली, योहानाच्या शुभवर्तमानात प्रभूने पाणी दोनदा मागितलं, एकदा भरदुपारी शोमरोनी बाईकडे विहिरीवर, आणि एकदा वधस्तंभावरून. काना गावात पाण्याचा द्राक्षरस करणाऱ्याने दुसऱ्याकडे मागितलं. तेही शत्रूच्या शिपायांकडे. मग म्हणाली, त्यांतल्या कुणीतरी आंबेत बुडवलेला स्पंज वर धरला. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. मी दर शुक्रवारी त्याच्यासाठी प्रार्थना करते. आणि खाली बसली. मंडळीतल्या कुणी मान डोलावली नाही. बहुतेकांना वाटलं, बाईचं चुकलं, शिपायासाठी कशाला प्रार्थना.

12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची गाडी आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर, पुढे पन्नास वाघिणी येऊ लागल्या. जलदूत असं तिचं नाव. हार झाले, श्रेय कुणाचं यावरून बोलाचाली झाल्या. आत्या पेपर समोर धरून बराच वेळ गप्प होती. रूळ रुंद झाले होते, पण वाट तीच, मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी. आजोबा तिला घेऊन पाण्याच्या उलट दिशेने गेले होते. "मिरजेवाले अजून आपल्यालाच औषध देऊ लालेत," एवढंच म्हणाली.

तिला तू 2018 च्या पावसाळ्यात नेलंस. किडनीने नव्हे, हृदयाने. शेवटच्या दोन दिवसांत डॉक्टरांनी पाण्याचं बंधन उठवलं, आणि आम्ही चमच्याने देत होतो तर तिला दोन चमच्यांवर नको झालं. याचा अर्थ मला लावता आलेला नाही आणि तू लावून द्यावास असा हट्टही नाही.

माझं मागणं असं आहे. धनेगावचं धरण भर. त्या माळकरी बाईंना एकदा तरी पंढरीला जाऊ दे. डायलिसिसच्या वेळापत्रकात वारी बसत नाही म्हणून त्या रडत. ज्यांच्या कार्डावरचा जिल्हा चुकीचा ठरतो त्यांच्या पाटल्या राख. सुई टोचणाऱ्या पोरांचे हात स्थिर ठेव आणि त्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला होऊ दे. जे आजाऱ्याच्या उशाशी बसून विश्वासाचं माप काढतात, त्यांना चार तास त्या यंत्राशेजारी बसव, काही न बोलता.

आणि एक राहिलं. आत्याची शिवणाची वही माझ्याकडे आहे. उधारी बरीच होती. आमची ऋणं सोड असं रोज तुला म्हणतो, म्हणून मी एकेक नाव खोडत आले. त्या बाईंचे दोन ब्लाऊज अजून तसेच आहेत, अस्तरासकट. ते खोडायचं मन मला दे. आज नाही तर ईस्टरपर्यंत दे. तुझ्याच नावाने मागते. आमेन.