अपुऱ्या पुराव्यावरची बोली

ब्रिजच्या टेबलावर पानं वाटून झालेली असतात, प्रत्येकाने आपली तेरा पानं रंगवार लावलेली असतात, आणि उजवीकडचा खेळाडू तोंड उघडतो ते थेट ‘तीन बदाम’ म्हणायला. त्याच्याकडे फारसं काही नसतं. बदामची सात पानं, त्यांत राजा-राणी, बाकीचा सगळा भरणा. नऊ हात करून दाखवतो असं तो जाहीर करतो, पण त्यावर त्याचा स्वतःचाही विश्वास नसतो. समोरच्या जोडीला एकमेकांशी बोलायला जागा उरू नये, एवढाच त्याचा हेतू. या डावपेचाला ‘प्रीएम्प्ट’ म्हणतात.

ब्रिजमधली बोली म्हणजे दोन जोडीदारांनी सगळ्यांच्या कानांदेखत एकमेकांची केलेली विचारपूस. तुझ्याकडे इस्पिक किती? ताकद किती? एक किलवरपासून सात नोट्रम्पपर्यंत एकूण ३५ बोल्या असतात आणि नवी बोली आधीच्यापेक्षा वरचीच लागते. ‘तीन बदाम’ ही त्या क्रमातली तेरावी. म्हणजे समोरच्यांनी एक अक्षर उच्चारण्याआधीच पहिल्या बारा बोल्या बाद झाल्या. हॅरल्ड व्हँडरबिल्टने १९२५ साली, पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवर, आजच्या काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत पहिल्यांदा वापरून पाहिली. बोलीइतकेच गुण पदरात पडतील असा दंडक त्याने घातला आणि बोलीला खरी किंमत आली. किंमत आली तशी ती नासवण्याची कलाही आली.

आता ‘तीन बदाम’ म्हणणाऱ्याच्या डावीकडच्या खेळाडूने काय करावं? समजा त्याच्याकडे इस्पिकचा एक्का, गुलाम, दहा, सात, चार. बदामची एकटी अठ्ठी. चौकटचा एक्का, राणी, नव्वी, तिर्री. आणि किलवरचा राजा, दहा, पंजी आहे. नेहमीच्या मोजणीने १४ पॉइंट. उजवीकडचा गप्प बसला असता तर हा ‘एक इस्पिक’ म्हणाला असता, जोडीदाराने उत्तर दिलं असतं, आणि दोन-तीन फेऱ्यांत कुठवर जायचं ते ठरलं असतं. आता मात्र ‘तीन इस्पिक’ म्हणायचं, ‘डबल’ म्हणायचं की ‘पास’, हे जोडीदाराचं एकही अक्षर न ऐकता ठरवायचं आहे. गुणांचा हिशेब निर्दय आहे. व्हल्नरेबल असताना, म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही चढे असताना, चार इस्पिक जमले तर ६२० गुण. तीन इस्पिक डबल होऊन तीन हातांनी पडले तर ८००चा दंड.

प्रश्न पत्त्यांचा दिसतो, पण तत्त्वज्ञान त्यावर दुसऱ्या नावाने बराच काळ भांडलं आहे. पुरावा अपुरा असताना माणसाला विश्वास ठेवण्याचा हक्क आहे का?

विल्यम किंग्डन क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली याचं उत्तर ठणकावून ‘नाही’ असं दिलं. त्याच्या निबंधात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं, डागडुजीला आलेलं. पण एवढ्या सफरी सुखरूप झाल्या तशी हीही होईल, अशी तो स्वतःची समजूत घालतो आणि देशांतराला निघालेली कुटुंबं त्यावर चढवतो. जहाज बुडतं, मालक विम्याचे पैसे घेतो. इथवर कोणीही मान डोलावेल. क्लिफर्ड पुढे जातो: समजा, जहाज बुडालंच नाही, तरी मालकाचा दोष तिळभरही कमी होत नाही, कारण त्या पुराव्यावर तसा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकारच नव्हता. हे लिहिणारा माणूस १८७० साली ग्रहणाच्या अभ्यासासाठी निघाला असताना सिसिलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून वाचलेला होता. उदाहरण त्याला कुठे शोधायला लागलं नसावं.

क्लिफर्डला टेबलावर बसवलं तर तो पास म्हणेल, असं पहिल्या झटक्यात वाटतं. पुरावा नाही ना, मग अळीमिळी गुपचिळी. पण ब्रिजमध्ये गप्प बसणं फुकट मिळत नाही. पास म्हटल्यावर तीन बदाम तिथेच थांबले, दोन हातांनी पडले आणि १०० गुण मिळाले. त्याच पानांवर दुसऱ्या टेबलावरच्या जोडीने ६२० घेतले, तर त्या पासची किंमत चोख मोजून घेतली जाते. पास हीसुद्धा एक पैजच आहे. सतराव्या शतकात पास्कालने ईश्वराच्या बाबतीत हेच म्हटलं होतं: पैज लावायची की नाही हा पर्याय माणसापुढे नाहीच, तो खेळात आधीच उतरलेला आहे. शक्याशक्यतेच्या गणिताचा पाया ज्या पत्रव्यवहारात घातला गेला, तो १६५४ सालचा पत्रव्यवहार पास्काल आणि फर्मा यांचाच, आणि विषय होता अर्धवट थांबलेल्या जुगारातला पैसा कसा वाटावा.

अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने १८९६ साली क्लिफर्डला जाहीर उत्तर दिलं. निवड जिवंत असेल, टाळता न येणारी असेल, महत्त्वाची असेल, आणि बुद्धीच्या बळावर तिचा निकाल लागण्याजोगा नसेल, तर मनाच्या ओढीला कौल देण्याचा अधिकार आहे, असं त्याचं म्हणणं. उजवीकडून आलेल्या ‘तीन बदाम’नंतरची बोली या व्याख्येत चपखल बसल्यासारखी वाटते. आणि जेम्सचे भक्त प्रत्येक क्लबात सापडतात. हातात पाच इस्पिक आणि दोन एक्के आले की पास म्हणणं त्यांच्या जिवावर येतं. मग डाव पडला की ‘वाटलं होतं, जमेल’ हे ठरलेलं वाक्य.

जेम्सची शेवटची अट त्याचे चाहते सोयीने विसरतात. बुद्धीने निकाल लागत नसेल, तरच. तीन बदामनंतर बुद्धीला बरंच काही सांगता येतं. पत्त्यांच्या जोडात एकूण ४० पॉइंट. बोली करणाऱ्याकडे सात धरू, आपल्याकडे १४. उरले १९, आणि ते दोघांत वाटलेले. म्हणजे जोडीदाराकडे सरासरी नऊ-साडेनऊ. मुरलेले खेळाडू त्यातूनही सूट धरून सात-आठच गृहीत धरतात. बदामची सात पानं तिकडे आणि एक इकडे. उरलेली पाच दोघांत. जोडीदाराकडे बदाम थोडे असतील तर इस्पिक असण्याची शक्यता वाढते. हा पुरावा पूर्ण नाही, पण अंधारही नाही. मनाच्या ओढीला वाव मिळतो तो ही बेरीज संपल्यावर, आणि उरतो तोही थोडाच.

या हातावर ‘तीन इस्पिक’ म्हणावं. इस्पिक पाचाऐवजी चारच असते तर डबल. दोन्ही रंगांतले एक्के जाऊन त्यांच्या जागी सुट्या राण्या-गुलाम असते तर पास, आणि मग निकाल काहीही लागो.

क्लिफर्ड आणि जेम्स दोघांच्याही चर्चेत जवळजवळ एकटा माणूस आहे: त्याचा पुरावा, त्याचा विश्वास, त्याचा निर्णय. ब्रिजमध्ये समोर जोडीदार बसलेला असतो आणि खरी गुंतागुंत तिथे सुरू होते. ‘तीन इस्पिक’ म्हणणाऱ्याने जोडीदाराचे सात पॉइंट न पाहताच खर्च करून टाकले आहेत. आता जोडीदाराची पाळी. त्याच्याकडे नेमके सात पॉइंट आणि इस्पिकची तीन पानं. नवखा खेळाडू खूश होऊन ‘चार इस्पिक’ म्हणतो, कारण ‘माझ्याकडे काहीतरी आहे ना!’ जाणता पास म्हणतो, कारण त्याच्या सात पॉइंटांच्या भरवशावरच आधीची बोली झाली आहे हे त्याला ठाऊक असतं. तेच पैसे दोनदा मोजायचे नसतात. नऊ-दहा असतील, बदाम एखादंच असेल, तरच वर जायचं. आणि कधी त्याच्याकडे तीनच पॉइंट निघतात. भरवशाच्या म्हशीला टोणगा. त्या दिवशी ८०० जातात आणि कोणाचंही चुकलेलं नसतं.

जेम्सच्या निबंधात या जागेला लागू पडणारा एक दाखला आहे. प्रवाशांनी भरलेली आगगाडी मूठभर दरोडेखोर लुटतात. कारण दरोडेखोरांना एकमेकांचा भरवसा असतो. प्रवाशांपैकी प्रत्येकाला मात्र वाटतं की आपण उठलो तर बाकीचे बसून राहतील. सगळे उठतील असा विश्वास प्रत्येकाने धरला असता तर लूट झालीच नसती. काही गोष्टी आधी विश्वास ठेवल्यामुळे खऱ्या होतात. जोडीदारी ही त्या जातीची गोष्ट आहे. पुढे विरोधकांनी पाच बदाम म्हटले तर पाच इस्पिकवर जायचं का, या प्रश्नासाठी फ्रान्सच्या जाँ-रने व्हर्नने १९६०च्या दशकात एक हिशेब मांडला: दोन्ही बाजूंना आपापल्या सर्वांत लांब रंगात मिळून जेवढे हात होतील, ते दोन्हींच्या हुकमांच्या बेरजेइतके असतात, सरासरीने. लॅरी कोहेनच्या १९९२च्या पुस्तकाने तो घरोघरी पोहोचवला, आणि २००४ साली माइक लॉरेन्स व आंडर्श विर्ग्रेन यांनी त्याच्या मर्यादा दाखवणारं अख्खं पुस्तक लिहिलं. हिशेब खरा की खोटा, हा वाद बाजूला ठेवला तरी दोन्ही जोडीदार एकच हिशेब मानतात हे कळणंच अर्ध्या पुराव्याच्या मोलाचं ठरतं.

यापेक्षाही अवघड प्रसंग वेगळाच आहे. डावीकडून तीन बदाम आल्यावर जोडीदार बराच वेळ विचार करतो, पानांकडे बघतो, आणि मग पास म्हणतो. त्या थांबण्यातून सगळं कळलेलं असतं: त्याच्याकडे काहीतरी आहे, पण बोलण्याइतकं नाही. फिरून बोली आपल्याकडे आली आहे. आता पुरावा अपुरा नाही, नको तितका आहे. नियमावलीतले १६ आणि ७३ क्रमांकाचे नियम सांगतात की जोडीदाराच्या रेंगाळण्यातून, सुरातून, चेहऱ्यावरून मिळालेल्या माहितीचा फायदा घेण्याचं काळजीपूर्वक टाळलं पाहिजे. दोन बोल्या सारख्याच पटण्याजोग्या असतील, तर त्या रेंगाळण्याने सुचवलेली बोली करता येत नाही.

ही मागणी विलक्षण आहे. कळलेलं न कळल्यासारखं कसं करायचं? नियम ते मागतच नाहीत. मनात काय आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. निवडीचा कोणता मार्ग बंद आहे एवढंच ते सांगतात. मनाची शुद्धी सिद्ध करता येत नाही, कृती मात्र तपासता येते. धर्मशास्त्रांना आणि नीतिशास्त्रांना जिथे हेतूच्या चिखलातून बाहेर पडता येत नाही, तिथे एका खेळाने व्यवहार्य तोडगा काढला आहे. त्याचाच जोडतोडगा म्हणजे ‘तीन बदाम’सारखी उडीची बोली झाली की पुढच्या खेळाडूने सुमारे दहा सेकंद थांबायचं, विचार करायचा असो वा नसो. सगळेच थांबले की थांबण्याला अर्थ उरत नाही. या एका बाबतीत क्लिफर्डचा कडकपणा शब्दशः लागू करावा. बोली किती चढवायची त्यात जेम्सला जागा आहे. चोरून कळलेल्या गोष्टीत त्याला अजिबात जागा नाही.

निकालाचं काय? स्पर्धांमध्ये तीच पानं तशीच्या तशी दुसऱ्या टेबलांवर जातात. त्यामुळे चांगली पानं मिळाली म्हणून कोणी जिंकत नाही. तरीही जहाजमालक तिथे भेटतोच: वेडी बोली करून जिंकलेला आणि त्यामुळे शहाणा झालो असं समजणारा. एका डावावरून त्याला काही पटवता येत नाही. त्यासाठी शेकडो डाव लागतात, आणि तेवढ्या वेळात जोडीदार बदलतो.

आपल्याकडे पत्ते आणि जुगार एकाच श्वासात उच्चारले जातात. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीच्या एका खटल्यात रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं आणि त्यातल्या नशिबाची तुलना ब्रिजच्या वाटपातल्या नशिबाशी केली. महाभारत याबाबत न्यायालयाच्या बरंच आधी पोहोचलं होतं. फाशांत राज्य गमावलेला नळ बाहुक होऊन राजा ऋतुपर्णाचा रथ हाकतो. वाटेत बेहड्याच्या झाडाकडे पाहून राजा पानांची आणि फळांची संख्या सांगतो: दोन फांद्यांवर पाच कोटी पानं, २,०९५ फळं. नळ रथ थांबवतो, झाड तोडतो, फळं मोजून पाहतो. संख्या जुळते. तेव्हा तो घोड्यांची विद्या देऊ करून फाशांची आणि गणनेची विद्या घेतो, आणि त्याच क्षणी कली त्याच्या अंगातून निघून त्या झाडात शिरतो. बेहड्याच्या फळांचेच फासे खेळत असत.

द्यूताने उद्ध्वस्त झालेल्या माणसाला कथा ‘पुन्हा फाशांना हात लावू नकोस’ असं सांगत नाही, मोजायला शिकवते. आणि ही कथा वनवासात ऐकतो आहे युधिष्ठिर, ज्याने बोलावणं आलं म्हणून पास म्हणणं अधर्म मानलं होतं. कथा संपल्यावर बृहदश्व ऋषी त्यालाही तीच अक्षविद्या देतात. अज्ञातवासाचं वर्ष त्याने विराटाच्या दरबारात कंक या नावाने, राजाशी फासे खेळण्याच्या चाकरीत काढलं.