अर्धसत्याची नोकरी



‘नरो वा कुंजरो वा’ हे शब्द आपण बोलता बोलता सहज वापरतो. महाभारतातील ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता, म्हणजे युधिष्ठिराचा शब्द खरा होता. पण तो ऐकून द्रोणाचार्यांच्या मनात जे चित्र उभे राहिले ते खोटे होते, आणि ते तसे उभे राहावे म्हणूनच ते वाक्य उच्चारले गेले होते. मग युधिष्ठिर खरे बोलला की खोटे? शब्द खरा असूनही बोलणे खोटे असू शकते का?

हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. आज तो बसस्थानकाच्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर आणि आपल्या मुलांच्या मोबाइलवर येऊन उभा आहे. “पाहिजेत! मुले-मुली, दहावी-बारावी पास अथवा नापास. कंपनीत नोकरी. कमाई २०,००० रुपयांपर्यंत. राहण्याची सोय. अनुभवाची गरज नाही.” खाली एक मोबाइल नंबर. अशा जाहिराती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. कंपनीचे नाव नसते, कामाचे स्वरूप नसते आणि ‘पर्यंत’ हा एक शब्द मात्र हमखास असतो.

सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या आपल्या दोंडाईचाचा तरुण अशा वेळी पिशवी भरून गाडीत बसतो. आई-वडील आनंदाने शेजारी सांगतात, “पोऱ्या नोकरीले लागना!” तिथे पोहोचल्यावर कुठे फॉर्मचे पैसे मागतात, कुठे ट्रेनिंगचे. दोन-चार दिवस टाळ्या वाजवून घोषणा देणे, मोठी स्वप्ने पाहणे, मोठ्या गाड्यांचे फोटो दाखवणे चालते. मग एके सकाळी हातात मालाची बॅग येते आणि सांगितले जाते : दारोदार जा आणि विका. पगार? पगार नाही. जितके विकाल तितके कमिशन. गाडीत बसण्यापूर्वी जे सांगायला हवे होते, ते घर मागे पडल्यावर सांगितले जाते.

जरा हिशेब करून पाहू. समजा, एका वस्तूमागे ६० रुपये कमिशन आहे. दिवसभर उन्हात फिरून चार वस्तू विकल्या गेल्या तर २४० रुपये झाले. त्यातून ४० रुपये प्रवासाचे, ६० रुपये खाण्याचे. उरले १४०. दुसऱ्या दिवशी एकही दार उघडले नाही तर उरले शून्य, आणि खर्चाचे १०० रुपये खिशातून गेले ते वेगळेच. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. २०२५-२६ या वर्षासाठी आपल्या राज्यात केंद्राच्या रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे दुष्काळात माती खोदायला गेलेल्या माणसालाही कुदळ हातात घेण्यापूर्वी कामाचा दर ठाऊक असतो. ‘कंपनीत’ नोकरीला गेलेल्या मुलाला मात्र तो ठाऊक नसतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कमिशनवर काम करणे हे पाप नव्हे, आणि दारोदार माल विकणे यात कमीपणा तर मुळीच नाही. आपल्या बाजार समितीत मिरचीचा व्यवहार करणारा अडत्या कमिशनवरच जगतो. पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे पैसे घरोघरून गोळा करणाऱ्या महिला प्रधान एजंटांना चार टक्के कमिशन मिळते. विमा एजंटही कमिशनवरच काम करतो. यांपैकी कोणाचीही फसवणूक होत नाही. कारण काय? कारण काम स्वीकारण्यापूर्वी टक्का किती, पगार आहे की नाही, हे त्यांना माहीत असते. ते धंदा म्हणूनच त्यात उतरतात. दोष कमिशनमध्ये नाही. धंद्याला नोकरीचा सदरा घालून तो गरजवंताच्या दारात उभा करण्यात दोष आहे.

यावर ठेवलेले उत्तर असे, “आम्ही खोटे काय बोललो? ‘पर्यंत’ असे लिहिलेच होते. एखादा खरोखर वीस हजार कमावतोही.” मान्य करू की एखादा कमावत असेल. पण जाहिरात त्या एकासाठी लावलेली नसते. ती वाचून जे शंभर जण येतील त्यांच्यासाठी लावलेली असते. त्या शंभर जणांच्या मनात ‘महिन्याला पगार’ हे चित्र उभे राहावे, हाच तिचा हेतू असतो. असत्य केवळ जिभेवर नसते. समोरच्याच्या मनात आपण जाणूनबुजून जे पेरतो, त्यातही ते असते. हत्ती मेला होता हे खरेच. पण द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवले ते हत्तीसाठी नव्हे.

दुसरे उत्तर अधिक अवघड आहे. “आम्ही कोणावर जबरदस्ती केली का? मुलगा सज्ञान आहे. त्याने स्वतःच होकार दिला.” आपल्याकडे तर म्हणच आहे, गरजवंताला अक्कल नसते. ही म्हण गरजवंतालाच नावे ठेवते. ठेवायची तर ती त्याच्या गरजेचा फायदा घेणाऱ्याला ठेवायला हवीत. होकार म्हणजे काय, याचा विचार करा. परक्या शहरात, परतीच्या तिकिटाचे पैसे नसताना, फॉर्मसाठी वडिलांनी उसने आणून दिलेले पैसे भरून झाल्यावर मुलाने मान हलवली, तर ती संमती म्हणायची की नाइलाज?

याच प्रश्नाला पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात हात घातला. युरोपातील कारखान्यांत मालक हेच म्हणत होते : कामगाराने मजुरी कबूल केली, करार झाला, आता तक्रार कसली? पोपमहाशयांचे म्हणणे असे की कराराच्याही आधी एक न्याय आहे. साधेपणाने राहणाऱ्या कामगाराचा उदरनिर्वाह होईल एवढी मजुरी त्याला मिळालीच पाहिजे; आणि गरजेपोटी किंवा आणखी वाईट होईल या भीतीने त्याने कठोर अटी पत्करल्या, तर तो अन्यायाचा आणि बळजबरीचा बळी ठरतो. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव निवडताना याच परिपत्रकाची आठवण काढली होती. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी प्रश्न मिटलेला नाही. फक्त कारखान्याच्या भोंग्याऐवजी आता मोबाइल वाजतो.

पवित्र शास्त्रात याहूनही जुने उदाहरण आहे. घर सोडून परमुलखात गेलेल्या याकोबाने राहेलसाठी सात वर्षे लाबानाची चाकरी केली. सात वर्षांनी लाबानाने त्याच्या पदरात लेआ टाकली आणि वर सांगितले की धाकटीचे लग्न थोरलीच्या आधी करण्याची आमच्याकडे रीत नाही. ही रीत लाबानाला पहिल्या दिवशी ठाऊक नव्हती का? ठाऊक होती; पण ती सात वर्षांनंतर सांगण्यातच त्याचा फायदा होता. पुढे त्याने आपले वेतन दहा वेळा बदलले, अशी तक्रार याकोब करतो. याउलट द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील मालक पहाटेच्या मजुरांशी आधी एक दीनार ठरवतो आणि मगच त्यांना मळ्यात पाठवतो. संध्याकाळी ते कुरकुरले. तरी आम्हाला दर सांगितला नव्हता, असे त्यांच्यापैकी कोणालाही म्हणता आले नाही.

बंधू-भगिनींनो, या व्यवहारात पैशांपेक्षा मोठे नुकसान आणखी एक आहे. ज्याला फसवले जाते, त्यालाच पुढे फसवायला शिकवले जाते. दार उघडताच “मी कॉलेजचा प्रोजेक्ट करतोय”, “आज फक्त तुमच्याच कॉलनीसाठी सूट आहे” असे बोलायला लावतात. माल खपला नाही तर सांगतात, “तुझ्या गावातून चार मुले आण, त्यांच्यावर तुला कमिशन मिळेल.” मग तो आपल्या मावसभावाला फोन करतो. भाऊ विश्वास ठेवतो, कारण बोलावणारा परका नाही. वर्षानुवर्षांच्या नात्याने जो विश्वास जमवला, तोच इथे माल म्हणून विकला जातो. पैसे बुडाले तर पुन्हा मिळवता येतात. पण भावाच्या डोळ्याला डोळा भिडवणे एकदा अवघड झाले की ते पुन्हा सोपे होत नाही.

हे केवळ आपल्या भागातले दुखणे नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मार्च १९९९ मध्ये दारोदार मासिकांची वर्गणी विकणाऱ्या तरुणांची व्हॅन उलटून सात जण मृत्यू पावले. त्यांतील एका मुलीच्या वडिलांनी दहा वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २००९ मध्ये अशा फिरत्या विक्री-टोळ्यांवर त्या राज्याने कायदा केला. आपल्या देशात, बिहारमधील मुझफ्फरपूर येथे जून २०२४ मध्ये पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. नोकरीच्या आमिषाने पैसे भरून घेतले, पुढे आणखी मुलांना ओढून आणण्याचा दबाव टाकला आणि मारहाण केली, अशी त्यातील तक्रार होती. आपल्या महाराष्ट्रात २०११ मध्ये ‘स्पीक एशिया’ प्रकरण मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेले. तिथे माल विकायचा नव्हता, घरबसल्या ऑनलाइन प्रश्नावल्या भरायच्या होत्या. पण त्या कामासाठी आधी ११,००० रुपये माणसानेच भरायचे होते. काम करणाऱ्याकडूनच कामाचे पैसे घेतले जात असतील, तर खरे गिऱ्हाईक कोण, हे ओळखायला फार शिक्षण लागत नाही.

कायदा काय म्हणतो? साखळी पद्धतीच्या पैशांच्या योजनांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. थेट विक्रीच्या कंपन्यांसाठी २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांनुसार विक्रेत्याकडून प्रवेश शुल्क घेता येत नाही. डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार अशा विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय कोणाच्या घरी जायचे नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये कर्मचाऱ्याला नियुक्तीपत्र देणे बंधनकारक आहे. पण इथेच पळवाट सापडते. “हा आमचा कर्मचारी नाही, हा स्वतंत्र एजंट आहे,” असे म्हटले की कायद्याचा हात पोहोचायला वेळ लागतो. जाहिरातीत ‘नोकरी’ आणि हिशेबात ‘एजंट’! सद्सद्विवेकबुद्धीला मात्र अशी पळवाट चालत नाही. तिचा प्रश्न एकच आहे : सगळ्या अटी आधी सांगितल्या असत्या, तर हा मुलगा गाडीत बसला असता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती फसवणूक आहे. मग जाहिरातीतला प्रत्येक शब्द खरा का असेना.

म्हणून आपल्या धर्मग्रामातील तरुणांना आणि पालकांना कळकळीची विनंती आहे. निघण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. कंपनीचे पूर्ण नाव व पत्ता काय? काम नेमके कोणते? एकही वस्तू विकली गेली नाही तर महिनाअखेरीस किती रुपये हातात पडतील? हे सर्व लिहून द्याल का? लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याने उत्तर दिल्यासारखेच आहे. पैसे मागितले तर तिथेच थांबा. कोणी अडकवून ठेवले तर ११२ वर, मालात वा थेट विक्रीत फसवले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करता येतो. मजुरी बुडाली तर धुळ्याच्या कामगार कार्यालयात दाद मागता येते.

जो दुसऱ्याला कामावर नेतो, त्याची जबाबदारी अधिक. स्वतःच्या मुलाला ज्या अटी सांगितल्या असत्या, त्याच शेजाऱ्याच्या मुलाला सांगा. त्यातली एकही मागे ठेवू नका. आणि भर दुपारी आपल्या दारात बॅग घेऊन उभा राहिलेला मुलगा दिसला, तर वस्तू नको असली तरी त्याच्यावर खेकसू नका. त्याला पाणी द्या, गाव विचारा. त्याने बोललेले पाठ केलेले वाक्य खोटे असेल. त्याचा थकवा खोटा नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. अशा ठिकाणाहून परत आलेला तरुण बहुधा गप्प राहतो. गावभर पेढे वाटून झालेले असतात, ‘इतक्यात कसा आला?’ हा प्रश्न चौकाचौकात वाट पाहत असतो. त्याच्या गप्प राहण्यावरच ही जाहिरात पुढच्या महिन्यात पुन्हा चिकटवली जाते. तेव्हा तो परत आला की त्याला हसू नका. उपदेशही लगेच नको. आधी जेवायला बसवा. तो निर्भयपणे खरे बोलू शकला, तर त्याचे ते पूर्ण सत्य पुढच्या दहा मुलांना त्या अर्धसत्यापासून वाचवील.